सध्या काय ऐकतेस?

मैत्रिणींनो, 'आज भाजी काय केलीस?' हा प्रश्न आपल्याला आठवड्यातून किती वेळा विचारला जातो, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. 'मुलीचं कसं चाललंय?', 'सासूबाईंची तब्येत काय म्हणते?', 'गॅसचा नंबर लावलास का?' हेही रोजचेच. पण 'तू सध्या कुठलं गाणं ऐकतेस गं?' असं तुम्हाला शेवटचं कुणी विचारलं होतं, आठवतंय? मला तर आठवेना.

मला हा प्रश्न विचारला माझ्या लेकीनं. तिला पुण्यात नोकरी लागली आणि ती गेली. जाताना मी अगदी हसत निरोप दिला. चिवडा-लाडवांचे डबे भरून दिले. बस दिसेनाशी झाली आणि घरी आले, तर घर एकदम मोठं वाटायला लागलं. दिवस कामात जायचा, रात्र मात्र जाता जायची नाही. अडीच वाजले की डोळे टक्क उघडे! शेजारी 'हे' शांत घोरताहेत आणि मी पंख्याची पाती मोजतेय. वयही तेच, पन्नाशीचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'या वयात असं होतं, फार विचार करू नका.' विचार करू नका म्हटलं की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको!

लेकीचा रोज फोन यायचा. 'आई, कशी आहेस?' 'बरी आहे.' 'जेवलीस?' 'हो, जेवले.' झालं. आई-मुलीचं बोलणं संपलं. एका रविवारी मात्र तिनं वेगळंच विचारलं, 'आई, हल्ली काय ऐकतेस?' मी म्हटलं, 'मी? कुकरच्या शिट्ट्या ऐकते!' ती हसली. पण त्याच रात्री तिनं मोबाईलवर एक रेकॉर्डिंग पाठवलं. डॉ. प्रभा अत्रे यांचा कलावती. सोबत दोनच ओळी लिहिल्या होत्या. रात्री जाग आली की हे ऐक, समजलंच पाहिजे असं काही नाही.

आता खरं सांगते, शास्त्रीय संगीतातलं मला काही कळत नाही. आमच्याकडे गाणं म्हणजे लग्नातलं नाहीतर गणपतीतलं. तरी त्या रात्री अडीच वाजता कानात इअरफोन घातले. पहिल्या रात्री दहा मिनिटांत झोप लागली! दुसऱ्या रात्रीही तेच. लेकीला कळवलं, 'औषध लागू पडलं.' ती म्हणाली, 'अगं, झोपायला नाही पाठवलं!' पाचव्या-सहाव्या रात्री मात्र झोप आली नाही आणि मी पहिल्यांदा ते गाणं नीट ऐकलं. घाई नाही, आरडाओरडा नाही. एकाच सुराभोवती बाई फिरताहेत, पुन्हा त्याच जागी येताहेत, आणि दर वेळी ती जागा थोडी वेगळी दिसतेय.

आमच्या गल्लीत पेटी शिकवणारे एक सर राहतात. त्यांना दुसऱ्या दिवशी विचारलं. ते म्हणाले, 'वहिनी, कलावतीत पाचच सूर. रे आणि म नाहीतच. रात्रीचा राग आहे.' पाचच सूर! मी घरी येताना विचार करत होते, दोन सूर नाहीत म्हणून या रागाचं काही अडत नाही. उरलेल्या पाचांत सगळी रात्र भरून जाते. लेक नसलेल्या घरात राहणाऱ्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल, ते तुम्ही समजून घ्याल.

मग मी प्रभाताईंबद्दल मिळेल ते वाचायला लागले. त्यांचा जन्म १९३२ चा, पुण्याचा. शिक्षण विज्ञानाचं आणि कायद्याचंही. गाणं शिकल्या किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे. आकाशवाणीत नोकरी केली, एसएनडीटी विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख होत्या, पुस्तकं लिहिली, स्वतः बंदिशी बांधल्या. २०२२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं आणि १३ जानेवारी २०२४ रोजी पुण्यातच त्या गेल्या. पण या सगळ्यापेक्षा माझ्या मनात राहिली ती त्यांच्या लहानपणची गोष्ट. प्रभाताई आठ वर्षांच्या असताना त्यांच्या आईची, इंदिराबाईंची, तब्येत बरी नसायची. कुणीतरी सुचवलं की गाणं शिका, बरं वाटेल. म्हणून आईसाठी गाण्याची शिकवणी सुरू झाली. आईचं शिकणं थोडक्यातच आटोपलं, पण ते धडे कानावर पडून लेकीला मात्र गाण्याची गोडी लागली.

म्हणजे बघा, आईला बरं वाटावं म्हणून घरात आलेलं गाणं लेकीनं उचललं. आणि इतक्या वर्षांनी ते गाणं दुसऱ्या एका लेकीनं तिच्या आईला बरं वाटावं म्हणून पाठवलं. मला ते वाचून भरूनच आलं. माझी झोप लगेच परत आली असं नाही. अजूनही जाग येते. पण अडीच वाजण्याची जी भीती वाटायची, ती गेली.

आमची अकरा जणींची भिशी आहे. महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी, आळीपाळीनं एकेकीच्या घरी. भेळ नाहीतर इडली, चहा, मग सोन्याचा भाव, साड्या, सुना आणि मालिका. त्या महिन्यात पैसे मोजून झाल्यावर मी सहज विचारलं, 'काय गं, सध्या काय ऐकताय सगळ्या?'

एकदम शांतता! एक म्हणाली, 'सासूबाईंचं ऐकते.' त्यावर जी खसखस पिकली ती पिकलीच. दुसरी म्हणाली, 'सकाळी घंटागाडीचं गाणं.' तिसरी म्हणाली, 'नातवाला झोपवताना अंगाई म्हणते, ती चालेल का?' हसणं थांबल्यावर लक्षात आलं की अकरा जणींपैकी तिघी-चौघीच स्वतःसाठी म्हणून काही ऐकत होत्या, आणि त्याही कुणाला सांगत नव्हत्या. एक म्हणाली, 'कुणी विचारलंच नाही गं.'

मग ठरलं. दर भिशीला दोघींनी एकेक गाणं आणायचं. मोबाईलवर ढकलून द्यायचं नाही, सगळ्यांनी बसून ऐकायचं. गाणं चालू असताना बोलायचं नाही, आणि संपल्यावर आणणारीनं दोन वाक्यांत सांगायचं, हेच का आणलं. वहीत नोंद करायची. भिशीच्या हिशेबाचीच वही, मागच्या पानापासून सुरू केली.

सुरुवात माझ्यापासूनच झाली. मी कलावती लावला. दोघी पेंगल्या, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही!

निवृत्त शिक्षिका असलेल्या आमच्या बाईंनी गीतरामायणातलं एक गाणं आणलं. त्यांनी सांगितलं, गदिमांचे शब्द आणि बाबूजींचं संगीत असलेलं हे गीतरामायण १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून वर्षभर, दर आठवड्याला एक गाणं, असं प्रसारित झालं. एकूण छप्पन्न गाणी. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी पहिलं गाणं लागलं. बाईंचा तेव्हा जन्म व्हायचा होता. पण त्यांची आई सांगायची, गल्लीत एकाच घरी रेडिओ, आणि त्या घरच्या ओसरीवर बायका कामं उरकून येऊन बसायच्या. 'आई फारशी शिकलेली नव्हती,' बाई म्हणाल्या, 'पण सगळी छप्पन्न गाणी तिला क्रमानं पाठ होती. मी हे ऐकते तेव्हा मला आईचा आवाज ऐकू येतो, गायकाचा नाही.' कुणी काही बोललं नाही. चहा गार झाला तेव्हा कुठं उठलो.

अंगणवाडीत काम करणारी आमच्यातली सगळ्यात धाकटी. तिनं आणलं 'सैराट'मधलं गाणं. एक-दोघींनी नाकं मुरडली. 'हे काय गं, वरातीत वाजतं ते!' तिनं शांतपणे सांगितलं, 'ताई, नाचायचं सोडा, मागची वाद्यं ऐका.' अजय-अतुल यांनी २०१६ च्या त्या चित्रपटासाठी हॉलिवूडमध्ये जाऊन तिथल्या वादकांच्या मोठ्या ताफ्याकडून वाद्यमेळ वाजवून घेतला, हे तिला माहीत होतं, आम्हाला नव्हतं. ती म्हणाली, 'पहाटे पाचला भाकरी थापताना हे लावते. पंधरा भाकरी कधी होतात कळत नाही. कुठं ती मोठी मोठी व्हायोलिनं वाजवणारी माणसं आणि कुठं माझा तवा! पण ते माझ्यासाठी वाजवतात असं वाटतं.' दुसऱ्यांदा गाणं लावलं तेव्हा नाक मुरडणाऱ्या आमच्या ताईंच्या पायाचा अंगठा ताल धरत होता. मी पाहिलंय!

चौथ्या महिन्यात पाळी आली वहिनींची. आम्ही सगळ्याच त्यांना वहिनी म्हणतो. त्यांना विचारूनच हे लिहितेय, नाव तेवढं नको म्हणाल्या. त्यांचे यजमान जाऊन आठ महिने झाले होते. बऱ्याच महिन्यांनी त्या भिशीला आल्या होत्या. त्यांनी मान खाली घालून सांगितलं, 'मी काही ऐकत नाही गं. मला सोडा.'

आम्ही सोडलं. पण निघताना चपला घालता घालता त्या माझ्यापाशी थांबल्या आणि बोलल्या. त्यांच्याकडे तीस वर्षांचा नेम होता. सकाळी विविध भारतीवर जुनी गाणी लागायची, आणि दोघं चहा घेत ती ऐकायचे. यजमानांना बोलायची फारशी सवय नव्हती. गाणं आवडलं की कपावर बोटानं ठेका धरायचे, एवढंच. ते गेले. दीड-दोन महिन्यांनी एका सकाळी वहिनींनी चहा ठेवला आणि हात सवयीनं रेडिओकडे गेला. अगदी हळू आवाजात लावला होता. नात्यातल्या एक बाई आल्या होत्या. त्या उठल्या आणि बटण बंद केलं. 'अगं, अजून वर्ष झालं नाही. लोक काय म्हणतील? आनंद झालाय का?'

'आनंद कुठला गं,' वहिनी म्हणाल्या. 'तेवढा वेळ ते समोर बसलेत असं वाटायचं. माणूस तर गेलाच, आता माझी सकाळपण गेली.'

मी पुढच्या भिशीला, त्यांची परवानगी घेऊन, हा विषय काढला. आणि सांगायला हवं, आमच्यात एकमत झालं नाही. एक म्हणाली, 'वर्षभर पाळतात ते काही उगाच नाही. घरात दुःख आहे, त्याचा मान राखायला नको?' दुसरी म्हणाली, 'मान राखायचा तर पुरुषांनीही राखावा. दिराच्या घरी टीव्ही चौदाव्या दिवशी सुरू झाला, त्याला कुणी काही म्हणालं?' तिसरी म्हणाली, 'भजन चालतं ना? मग भजन ऐका.' वहिनी म्हणाल्या, 'त्यांना भजन आवडायचं नाही गं. मी कुणासाठी ऐकू?'

वाद तसाच राहिला. तो मिटवला कुणी, ते ऐका. वहिनींच्या सासूबाईंनी! वय ब्याऐंशी. मुलगा गेल्यापासून आजी फारशा बोलत नव्हत्या. वहिनींनी घरी जाऊन भिशीतली चर्चा त्यांना सांगितली. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'रेडिओ बंद का आहे?' वहिनी म्हणाल्या, 'वर्ष व्हायचंय ना.' आजी म्हणाल्या, 'गाणं काय फक्त सुखाचं असतंय व्हय? माझी आय गेली तवा मला माहेराला जाता आलं नाही. जात्यावर बसून रडले. रडले म्हंजे ओव्या गायले. तवा कुणी म्हणलं नाही, गाऊ नको. दुःख सांगायला दुसरी जागाच कुठं होती?'

मग म्हणे त्या बराच वेळ गप्प बसल्या. आणि वहिनींच्या मोबाईलमध्ये आज त्यांच्या आवाजातल्या चार ओव्या आहेत. आईच्या दोन, आणि दोन नव्या, लेकाच्या. वहिनींनी पुढच्या भिशीला त्या ऐकवल्या. आवाज कापरा, मध्येच दम लागलेला, मागे शेजारच्या कोंबड्याचं आरवणं. आम्ही अकराही जणी रडलो. वर्षभर पाळायला हवं म्हणणारी सगळ्यात जास्त.

आजींचं बोलणं डोक्यातून जाईना, म्हणून मी शोधत गेले. तर केवढा खजिना आहे! पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ या दोघांनी सहकाऱ्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या गावोगावी जाऊन बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या! पिठाच्या गिरण्या आल्या, जाती बंद पडली, आणि त्याबरोबर पहाटेचं ते गाणंही थांबत चाललं होतं. ते या लोकांनी लिहून ठेवलं, काही ध्वनिमुद्रितही केलं. हे दोघंही आता हयात नाहीत. पण 'परी' म्हणजे ग्रामीण भारताचं जे संग्रहालय इंटरनेटवर आहे, त्यावर २०१७ पासून या ओव्या शब्दांसकट ऐकायला मिळतात. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज तिथं जरूर ऐका. साथीला वाद्य नाही, काही नाही. पण ऐकताना हातातलं काम थांबतं.

त्या ओव्यांमध्ये काय नाही? माहेर आहे, भाऊ आहे, सीतेचा वनवास आहे, सासुरवास आहे, दुष्काळ आहे, बाबासाहेब आंबेडकर आहेत, विठ्ठल तर आहेच. आणि मरणही आहे. पहाटेच्या अंधारात जात्याला समोरासमोर दोघी बसायच्या, खुंट्याला दोघींचा हात. एकीनं ओवी म्हणायची, दुसरीनं त्यात आपली मिळवायची. 'कशी आहेस?' असं तिथं कुणी विचारत नसेल. ओवीतून कळत असेल, की आज हिचं मन कुठं आहे.

मला वाटतं, आपलं तेच हरवलंय. जातं गेलं ते बरंच झालं, त्यानं खांदे दुखायचे ते दुखायचेच. पण समोर बसून ऐकणारी दुसरी बाईही त्याबरोबर गेली. आता गाणी ढिगानं आहेत. मोबाईल उघडला की हवं ते मिळतं. पण प्रत्येकीच्या कानात वेगळं इअरफोन! 'कशी आहेस?' विचारलं की आपण सगळ्याच 'बरी आहे' म्हणतो. मी लेकीला रोज तेच सांगत होते. 'सध्या काय ऐकतेस?' विचारलं की मात्र खोटं बोलता येत नाही. बाईंच्या गाण्यातून त्यांची आई आली, अंगणवाडीच्या ताईच्या गाण्यातून तिच्या पंधरा भाकऱ्या आल्या, आणि वहिनी तर 'ऐकत नाही' म्हणाल्या, त्यातूनच सगळं कळलं.

तुम्हीही करून बघा. फार काही लागत नाही. भिशी असेल, बचत गट असेल, नाहीतर संध्याकाळी ओट्यावर बसणाऱ्या चौघी असतील. एका वेळी एकच गाणं. पुढं ढकललेलं नको, सोबत बसून ऐकलेलं हवं. कुणी काहीही आणो, 'हे काय!' म्हणायचं नाही. आणि 'मी काही ऐकत नाही' असं जी म्हणेल, तिच्याशी चपला घालताना दोन मिनिटं जास्त बोलायचं. इंटरनेट फारसं जमत नसेल तर आपली आकाशवाणी आहेच. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झाली, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणींपेक्षा ती वयानं मोठी आहे! शास्त्रीय संगीताची गोडी लागली तर आकाशवाणीचीच 'रागम्' ही वाहिनी २०१६ पासून आहे, ती मोबाईलवरही ऐकता येते. घरात कुणी आजी असतील आणि त्यांना ओव्या येत असतील, तर आजच मोबाईलमध्ये भरून घ्या. उद्यावर टाकू नका.

वहिनींचा रेडिओ आता सकाळी सुरू असतो. वर्ष व्हायच्या आधीच सुरू झाला. नात्यातल्या त्या बाई परत आल्या होत्या म्हणे. आजींनी त्यांना समोर बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, 'माझ्या लेकाच्या आवडीची गाणी हायेत. बस, ऐक.' त्या बसल्या. वहिनी सांगत होत्या, तिसऱ्या गाण्याला त्यांनीही डोळे पुसले.

आणि मी? परवा रविवारी लेकीचा फोन आला. ती काही विचारायच्या आधी मीच विचारलं, 'काय गं, सध्या काय ऐकतेस?' पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाली, 'आई, खरं सांगू? रोज रात्री तू म्हणायचीस ती अंगाई आठवायचा प्रयत्न करतेय. दुसरं कडवं आठवत नाही.'

म्हणून दाखवलं. फोनवर, भाजी फोडणीला टाकून. भाजी करपली, पण 'ह्यां'नी त्या दिवशी काही न बोलता खाल्ली.